मायन भाषांतले शब्द अचूक वाचायचे आणि देवनागरीत लिहायचे कसे: पायरीपायरीने

ग्वातेमाला, दक्षिण मेक्सिको आणि बेलीझमधल्या मायन भाषांतली नावं मराठीत येतात तेव्हा दोन चुका हमखास होतात. पहिली, रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली जातात. मग तिकालचं 'टिकल' होतं आणि शेलाचं 'झेला'. दुसरी चूक जास्त नुकसान करते. अक्षरामागची ॲपॉस्ट्रॉफी (ʼ) एक तर गाळली जाते, नाहीतर महाप्राणाची, म्हणजे ख, थ यांतल्या श्वासाची, खूण समजली जाते, आणि क्ʼइचेʼ भाषेचं 'खिचे' होऊन बसतं. ती ॲपॉस्ट्रॉफी शोभेची नाही. ती अक्षराचाच भाग आहे आणि ती बदलली की शब्द बदलतो.

हा लेख अनुवादक, उपशीर्षकं लिहिणारे, प्रवासवर्णनं लिहिणारे आणि भाषाशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक चुका थेट चौथ्या पायरीवर उडी मारल्यामुळे होतात.

## तयारी: हाताशी काय हवं

१. मूळ शब्द जसाच्या तसा, शक्यतो छापील मजकुरातून किंवा थेट नक्कल करून घेतलेला. आठवणीतून लिहिलेल्या शब्दातली ॲपॉस्ट्रॉफी सगळ्यात आधी हरवते.

२. शब्द कोणत्या भाषेतला आहे, आणि जमल्यास कोणत्या गावचा, याची नोंद.

३. मजकूर कधीचा आहे त्याचा अंदाज. १९८० च्या दशकाआधीचा की नंतरचा, एवढं कळलं तरी पुरतं.

४. ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाचं ध्वनिमुद्रण. रेडिओवरच्या बातम्या, शाळांसाठी केलेले धडे, काहीही चालेल. पर्यटकांसाठी बनवलेल्या इंग्रजी किंवा स्पॅनिश निवेदनावर विसंबू नका.

५. नुक्ता (क़, ख़ यांखालचं टिंब) आणि हलन्त नीट दाखवणारा देवनागरी फॉन्ट.

## पायरी १: आधी भाषा ठरवा

'मायन' ही एक भाषा नाही. या कुळात सुमारे तीस भाषा आहेत आणि त्यातल्या बावीस एकट्या ग्वातेमालात मान्यताप्राप्त आहेत. एकच रोमन अक्षर दोन भाषांत दोन आवाज देतं, त्यामुळे भाषा ठरवल्याशिवाय उच्चार ठरत नाही.

जागेवरून भाषेचा अंदाज असा बांधा:

- किचे, तोतोनिकापान, केत्साल्तेनांगो हे भाग: क्ʼइचेʼ
- चिमाल्तेनांगो, सोलोला: काक़्चिकेल्
- वेवेतेनांगो, सान मार्कोस: माम् (वेवेतेनांगोत इतरही अनेक भाषा आहेत, तिथे घाई करू नका)
- आल्ता वेरापास आणि दक्षिण बेलीझ: क़्ʼएक़्चिʼ
- मेक्सिकोतला चियापास: त्सोत्सिल, त्सेल्ताल, च्ʼओल्, तोखोलाबाल
- युकातान द्वीपकल्प: युकातेक, म्हणजे तिथल्या लोकांची 'माऽया त्ʼआऽन्'

भाषेने किती फरक पडतो ते एका शब्दावर पाहा. 'पाणी' या अर्थाचा शब्द क्ʼइचेʼ आणि युकातेक या दोन्ही भाषांत जे, ए आणि ॲपॉस्ट्रॉफी अशा तीन खुणांनी लिहितात. क्ʼइचेʼमध्ये हा जे म्हणजे उर्दू 'ख़बर'मधला घासून येणारा ख़, म्हणून उच्चार 'ख़ाʼ'. युकातेकमध्ये तोच जे म्हणजे आपला साधा ह, म्हणून 'हाʼ'. क़्ʼएक़्चिʼमध्ये एच आणि जे ही दोन्ही अक्षरं आहेत. एच म्हणजे ह, जे म्हणजे ख़. तिथे पाणी एच वापरून लिहितात आणि 'हाʼ' म्हणतात.

एक्स या अक्षराचंही असंच. बहुतेक मायन भाषांत एक्स म्हणजे श. पण माम् आणि क़्ʼआन्ख़ोॿाल् (ॿ हे अक्षर पायरी ८ मध्ये येतं) यांत एकटा एक्स म्हणजे मूर्धन्य ष, आणि एक्स-एच ही जोडी म्हणजे श. टी-एक्स ही जोडी म्हणजे ट्ष. मराठी बोलण्यात ष आणि श हल्ली एकजीव झाले असले, तरी इथे ते वेगळे ठेवायला हवेत: ष म्हणताना जिभेचं टोक मागे वळवा.

सावध: मेक्सिकोतल्या सगळ्या एक्सना श करू नका. 'मेहिको' आणि 'वाहाका' या नावांतला एक्स स्पॅनिश पद्धतीने वाचला जातो, आणि ती नावं मायन नाहीतच. चिचिकास्तेनांगो, केत्साल्तेनांगो, वेवेतेनांगो ही ग्वातेमालातली नावंही नावात्ल भाषेतून आलेली आहेत. शेवटी '-तेनांगो' दिसलं की हा लेख बाजूला ठेवा आणि स्पॅनिश उच्चार घ्या.

## पायरी २: स्पेलिंग जुनं की नवं ते ओळखा

ग्वातेमालात १९८७ साली मायन भाषांसाठी एकत्रित वर्णमाला सरकारी हुकमाने लागू झाली. युकातेकसाठी मेक्सिकोत १९८४ ची वर्णमाला आहे. त्याआधीचा मजकूर, आणि नकाशांवरची बरीचशी नावं, स्पॅनिश धाटणीची आहेत. दोन्ही पद्धतींत के हे अक्षर आहे, पण त्याचा अर्थ एक नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

जुन्या स्पेलिंगच्या खुणा:

- ए, ओ, यू यांच्याआधी सी, आणि ई, आय यांच्याआधी क्यू-यू: दोन्ही ठिकाणी क-वर्गातला कुठलातरी आवाज
- व च्या जागी नुसता यू किंवा एच-यू
- जुन्या युकातेकमध्ये डी-झेड म्हणजे त्स्ʼ, दुहेरी पी म्हणजे प्ʼ, टी-एच म्हणजे त्ʼ, सी-एच-एच म्हणजे च्ʼ
- जुन्या युकातेकमध्ये सी म्हणजे साधा क, आणि के म्हणजे क्ʼ

शेवटची ओळ पाठ करून ठेवा. कुकुल्कान या नागदेवतेचं जुनं स्पेलिंग पाहिलं तर पहिले दोन क के ने लिहिलेले आहेत आणि तिसरा सी ने. जुन्या नियमाने ते 'क्ʼउक्ʼउल्कान्' असं वाचलं जातं, आणि आजच्या स्पेलिंगमध्येही नेमक्या पहिल्या दोन क ना ॲपॉस्ट्रॉफी आहे. म्हणजे जुनं युकातेक स्पेलिंग गबाळं नव्हतं, त्याचे नियम वेगळे होते.

ग्वातेमालातल्या जुन्या छापील स्पेलिंगबाबत असं म्हणता येत नाही. तिथे क, क्ʼ, क़ आणि क़्ʼ हे चार आवाज सी, क्यू-यू आणि के यांत कसेही विखुरलेले असतात. केक्ची हे नाव जुन्या पद्धतीने दोन के घालून लिहीत. नव्या स्पेलिंगमध्ये पहिला के क़्ʼ झाला आणि दुसरा क़. जुन्या स्पेलिंगवरून हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

सावध: जुनं ग्वातेमालन स्पेलिंग नियम लावून नव्यात बदलू नका. शब्द आजच्या कोशात शोधा. अकादेमिया दे लेंग्वास मायास दे ग्वातेमाला ही संस्था भाषावार शब्दसंग्रह प्रसिद्ध करते, ते यासाठीच वापरा.

तपासणी: शब्दात सी हे अक्षर एच शिवाय एकटं दिसतंय का? दिसत असेल तर स्पेलिंग जुनं आहे. नव्या वर्णमालेत सी फक्त सी-एच या जोडीत येतो.

## पायरी ३: शब्द कोशात शोधताना

ही पायरी छोटी आहे, पण शब्द 'सापडत नाही' अशी तक्रार बहुतेकदा इथलीच असते. सी-एच, सी-एच ॲपॉस्ट्रॉफीसह, टी-झेड, टी-झेड ॲपॉस्ट्रॉफीसह, ही प्रत्येकी एक स्वतंत्र अक्षरं आहेत. कोशात आधी के चे सगळे शब्द संपतात, मग क्ʼ चे सुरू होतात. टी नंतर त्ʼ, मग त्स, मग त्स्ʼ. आपल्याकडे ख चे शब्द क मध्ये शोधत नाहीत, तसंच हे.

नामाला मालकीचा उपसर्ग लागलेला असू शकतो. क्ʼइचेʼमध्ये कुत्रा म्हणजे 'त्स्ʼइʼ', माझा कुत्रा म्हणजे 'नुत्स्ʼइʼ'. हा शब्द एन खाली मिळणार नाही, त्स्ʼ खाली मिळेल.

स्वराने सुरू होणारे शब्द सरळ स्वराखालीच पाहा. बोलताना त्यांच्याआधी घसा क्षणभर मिटतो, पण ते सहसा लिहीत नाहीत.

## पायरी ४: स्वर

पाच मूळ स्वर स्पॅनिशसारखे सरळ आहेत: आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीसारखे घसरणारे स्वर नाहीत. ए ला 'एय' किंवा ओ ला 'ओव' करू नका. मराठी माणसाला हे जड जात नाही.

अडचण 'अ'ची आहे. रोमन ए पाहिला की मराठी लेखक कधी अ लिहितो, कधी आ, आणि मग एकाच लेखात 'बलम' आणि 'बालाम' दोन्ही दिसतात. नियम एकच ठेवा: साधा ए म्हणजे नेहमी आ, मात्र आटोपशीर, ताणायचा नाही. अ राखून ठेवायचा तो काक़्चिकेल्साठी. त्या भाषेत काही स्वरांवर दोन टिंबं असतात. टिंबं असलेल्या ए चा आवाज मराठी 'कर'मधल्या अ च्या जवळ जातो. 'माणूस, माणसं' या अर्थाचा शब्द क्ʼइचेʼमध्ये 'विनाक़्', तर काक़्चिकेल्मध्ये 'विनक़्'.

युकातेकमध्ये स्वरांचं काम वेगळंच आहे. तिथे लांबी, सूर आणि कंठरोध (घसा क्षणभर मिटणं) या तिन्हींनी अर्थ बदलतो. एकाच सांगाड्यातले हे चार शब्द शेजारी ठेवून ऐका:

- चाक्, आखूड स्वर: लाल
- चाऽक्, लांब आणि खालचा सूर (दोन ए, वर काही नाही): उकळणे
- चाऽक्, लांब आणि चढा सूर (दोन ए, पहिल्यावर तिरकी रेघ): पाऊस
- चाʼआक्, मध्येच घसा मिटून पुन्हा उघडलेला (दोन ए, मध्ये ॲपॉस्ट्रॉफी): पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च

लांब स्वरासाठी इथे अवग्रह (ऽ) वापरला आहे, कारण 'अगंऽ', 'होऽ' असं लिहिताना मराठी माणूस तो आपसूक ताणतो. चढ्या सुरासाठी देवनागरीत सोयीची खूण नाही. गरज असेल तिथे कंसात 'चढा सूर' असं लिहून मोकळं व्हा.

सावध: तिरकी रेघ दिसली की ती कुणाची आहे ते पाहा. युकातेक शब्दावर ती सुराची खूण आहे. याश्चिलान, त्सिबिल्चाल्तून यांसारख्या नकाशावरच्या नावांत ती स्पॅनिश आघाताची खूण आहे, सुराशी तिचा संबंध नाही.

आघाताबद्दल एवढंच: क्ʼइचेʼ, काक़्चिकेल्, क़्ʼएक़्चिʼ यांत तो शेवटच्या अक्षरावर असतो. इ-शिम् (मका), वि-नाक़्. आघात ठरलेला असल्यामुळे तो लिहीत नाहीत.

## पायरी ५: सोपी व्यंजनं, आणि त्यातले तीन सापळे

प, म, न, ल, स, व, य यांत काही शिकण्यासारखं नाही. सापळे पुढच्या तीन ठिकाणी आहेत.

टी म्हणजे त. इंग्रजीमुळे आपण परदेशी टी ला डोळे मिटून ट करतो. मायन टी दंत्य आहे. तिकाल, ओश्कुत्स्काब.

टी-झेड म्हणजे त्स. इथे मराठी बोलणाऱ्याला जन्मजात फायदा आहे. 'चूल', 'चोर', 'चमचा'मधला दंत्य च हाच तो आवाज. मेक्सिकोत तो टी-एस असाही लिहितात, आवाज एकच. पण हा आवाज देवनागरीत च ने लिहू नका, नेहमी 'त्स' लिहा. च हे अक्षर सी-एच साठी, म्हणजे 'चिमणी'तल्या तालव्य आवाजासाठी मोकळं ठेवायचं आहे. वरच्या युकातेक यादीतला 'चाक्' बहुतेक मराठी वाचक गाडीच्या चाकासारखा वाचतील. तो तसा नाही. अशा जागी पहिल्या उल्लेखात 'च तालव्य' अशी नोंद द्या. 'इट्झा', 'त्झोत्झिल' ही रूपं मात्र सरळ चूक आहेत. झ चा आवाज या अक्षरात कुठेच नाही.

शेवटचा साधा क, त, प, क़ श्वास सोडतो. क्ʼइचेʼ आणि तिच्या जवळच्या भाषांत शब्दाच्या शेवटी आलेल्या साध्या स्फोटक व्यंजनामागे हवेचा झोत ऐकू येतो. 'इक्' म्हणजे मिरची. बोलताना तो जवळजवळ 'इख्' वाटतो. ल, र, व, य हेही शब्दाच्या शेवटी घोष, म्हणजे घशातलं कंपन, गमावतात. 'कार्' म्हणजे मासा, त्यातला र कुजबुजल्यासारखा येतो.

हा तिसरा सापळा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पायरी त्यावर उभी आहे. श्वास सोडणं ही *साध्या* क ची खूण आहे. ॲपॉस्ट्रॉफीवाल्या क मध्ये श्वास पूर्ण अडवलेला असतो. 'इक्ʼ' म्हणजे चंद्र, महिना. त्याला 'इख' लिहिलंत तर तुम्ही चंद्राची मिरची केलीत.

जो आवाज ख पासून सगळ्यात दूर आहे, त्यालाच आपण ख लिहितो.

## पायरी ६: झटक्याची व्यंजनं

च्ʼ, क्ʼ, त्ʼ, त्स्ʼ, क़्ʼ, आणि युकातेकसारख्या काही भाषांत प्ʼ. यांत फुप्फुसातली हवा वापरलीच जात नाही. घसा मिटलेला, जीभही टेकलेली, आणि मध्ये कोंडलेली चिमूटभर हवा स्वरयंत्र वर सरकल्याने दाबली जाते. जीभ सुटताच टिचकीसारखा कोरडा आवाज येतो.

सराव क्ʼ पासून सुरू करा:

१. श्वास घ्या, थोडा सोडा, आणि जड पोतं उचलताना रोखतो तसा घशात रोखून धरा. नाक-तोंड बंद करणं पुरेसं नाही, अडवणूक घशात हवी.

२. श्वास रोखलेलाच ठेवून जीभ 'क'च्या जागी टेकवा.

३. श्वास न सोडता जीभ झटकन सोडा. टक्-टक् असा आवाज यायला हवा.

४. हे सलग पाच वेळा करा, मध्ये श्वास न घेता आणि न सोडता.

५. आता जीभ सोडल्यावर क्षणभर थांबा आणि मग घसा उघडून 'आ' म्हणा. क्… आ. हळूहळू मधली जागा कमी करा: क्ʼआ.

तपासणी: बोट कंठमण्यावर ठेवा. झटक्याच्या व्यंजनात तो वर उचलला जातो. चौथ्या टप्प्यात पाचही आवाज सारख्याच जोराचे आले, तर फुप्फुसातली हवा गळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यालाच आवाज संपत असेल, तर घसा नीट मिटलेला नाही.

काय बिघडतं: घशाला इतका जोर लावला जातो की मान ताठ होते आणि आवाज फुटतो. घरोघरी बोलली जाणारी व्यंजनं इतकी जोरदार नसतात. कमी जोर, पण घसा पूर्ण मिटलेला, हे प्रमाण हवं. दुसरी चूक म्हणजे 'क्'नंतर 'ह' निसटतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. 'ख'ला ती मागे ढकलली जाऊन तशीच तरंगते, क्ʼ ला एकदाच फडकून जागेवर येते.

क्ʼ जमला की त्याच रीतीने त्ʼ, मग च्ʼ आणि त्स्ʼ. क़्ʼ ला शेवटी हात घाला, कारण त्याआधी क़ पक्का हवा.

## पायरी ७: क आणि क़

के म्हणजे आपला क. क्यू म्हणजे उर्दू 'क़लम'मधला क़, जिभेचं मूळ पडजिभेला टेकवून. मराठीत हा आवाज नसल्यामुळे कानालाही तो सुरुवातीला वेगळा वाटत नाही. म्हणून आधी ऐकण्याचा सराव करा, बोलण्याचा नंतर. जागा सापडत नसेल तर गुळण्या करताना पाणी जिथे खुळखुळतं ती जागा लक्षात घ्या आणि तिथेच जीभ टेकवून सोडा.

क्ʼइचेʼमधले हे चार शब्द या सरावासाठी पुरेसे आहेत:

- काक़्: लाल
- क्ʼआक़्: पिसू
- क्ʼआक्ʼ: नवीन
- क़्ʼआक़्ʼ: विस्तव

जुन्या स्पेलिंगमध्ये हे चारही शब्द एकमेकांत मिसळू शकत. आजच्या स्पेलिंगमध्ये के की क्यू आणि ॲपॉस्ट्रॉफी आहे की नाही, या दोनच गोष्टी पाहायच्या.

तपासणी: चारही शब्द उलटसुलट क्रमाने मोबाइलवर रेकॉर्ड करा, तासाभराने ऐका आणि कोणता कोणता ते कागदावर लिहा. स्वतःचंच बोलणं ओळखता आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

## पायरी ८: ब आतल्या श्वासाचा

ग्वातेमालातल्या स्पेलिंगमध्ये बी ला नेहमी ॲपॉस्ट्रॉफी असते. युकातेकमध्ये नुसता बी लिहितात, पण आवाज त्याच जातीचा. हा झटक्याच्या व्यंजनांच्या उलट आहे: ओठ मिटलेले असताना स्वरयंत्र *खाली* जातं आणि हवा किंचित आत ओढली जाते.

सिंधीत हा आवाज आहे आणि देवनागरी सिंधीत त्यासाठी ॿ हे अक्षरही आहे. 'ॿारु', म्हणजे मूल, हा शब्द उल्हासनगरमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या सिंधी माणसाकडून म्हणून घ्या. तोंडी वर्णनाच्या पानभर मजकुराने जे होत नाही ते त्या एका शब्दाने होतं. लिहितानाही हेच अक्षर वापरा: ॿालाम् (जग्वार), आॿाख़् (दगड).

शब्दाच्या शेवटी हा आवाज दबतो. ओठ मिटतात, घसाही मिटतो, आणि फारसं काही ऐकू येत नाही. युकातेक 'माʼआलोब्', म्हणजे चांगलं, ठीक, हा शब्द बोलताना अनेकदा 'माʼआलोʼ'सारखा ऐकू येतो. ऐकणाऱ्याने ब गाळला असं समजून तुम्हीही लिहिताना गाळू नका.

## पायरी ९: स्वरानंतरची ॲपॉस्ट्रॉफी

व्यंजनामागे असेल तर झटका, स्वरामागे असेल तर कंठरोध. नकार देताना तोंड मिटून आपण 'अं-अं' करतो, त्यातल्या दोन आवाजांच्या मध्ये घसा जो मिटतो तोच हा. वेगळा स्वर जोडू नका, फक्त तोडा.

क्ʼइचेʼमध्ये 'ख़ा' म्हणजे घर आणि 'ख़ाʼ' म्हणजे पाणी. युकातेकमध्ये 'काऽन्' म्हणजे साप, 'काʼआन्' म्हणजे आभाळ, आणि 'क्ʼआऽन्' (चढा सूर) म्हणजे झुला, आपण ज्याला हॅमॉक म्हणतो तो.

काय बिघडतं: शेवटच्या कंठरोधाच्या जागी मराठी जीभ ह घालते: 'चेह', 'ख़ाह'. ह मध्ये घसा उघडा असतो, इथे तो बंद हवा. 'चेʼ' म्हणजे झाड. म्हणताना आवाज दोरा कापल्यासारखा तुटला पाहिजे.

## पायरी १०: देवनागरीत लिहिणं

अचूक लेखनासाठी ही जुळणी ठेवा. कोशातल्या नोंदी, भाषाशास्त्रावरचे लेख आणि नावाचा पहिला उल्लेख यासाठी ती वापरा.

- झटक्याचं व्यंजन: हलन्त, मग ʼ, मग पुढचा स्वर सुटा. क्ʼइचेʼ, त्स्ʼउतुख़िल्, च्ʼओर्तिʼ
- कंठरोध: स्वरानंतर ʼ. इशिम्चेʼ, नोʼख़्
- क्यू: क़. जे: भाषेनुसार ख़ किंवा ह
- बी: ॿ, निदान ग्वातेमालातल्या भाषांसाठी. शिॿाल्ॿा
- चुख़् भाषेतली एन-एच ही जोडी आणि पोप्तिʼमधला दोन टिंबांचा एन: ङ
- शब्दाच्या शेवटी आणि जोडाक्षर टाळायचं तिथे हलन्त स्पष्ट लिहा

स्वर सुटा का लिहायचा? 'क'ला मात्रा लावून मग ʼ दिली, तर 'काʼक्' हे क्ʼआक् आहे की काʼक्, ते कळत नाही. आणि ʼ नंतर मात्रा टाकली, तर ती लोंबकळते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. सुटा स्वर दिसायला जरा खडबडीत आहे, पण चुकीला जागा ठेवत नाही.

वर्तमानपत्र किंवा कथेसाठी एवढ्या खुणा जड होतात, हे खरं. तिथे खुणा काढा, पण नवीन काही घालू नका. क्ʼ आणि क़्ʼ दोन्हींचा क, त्स्ʼ चा त्स, ॿ चा ब: किचे, काक्चिकेल, केक्ची, त्सुतुखिल, शिबाल्बा. साध्या रूपात शेवटचा इ मराठी रीतीने दीर्घ झाला तरी बिघडत नाही. ख, छ, थ ही अक्षरं ॲपॉस्ट्रॉफीच्या बदल्यात कधीही येऊ द्यायची नाहीत. नुक्ता काढल्यावर ख़ चा ख होतो, तेवढा एकच ख क्षम्य आहे.

रुळलेली स्थळनावं स्पॅनिश उच्चाराने लिहावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. 'चिचेन इत्सा' ठीक आहे. त्यातले घटक 'चिʼ' (तोंड), 'च्ʼएʼएन्' (विहीर) आणि 'इत्साʼ' आहेत, हे तळटीपेत सांगा. प्रवाशाला बसच्या पाटीवर दिसणारं नावच लागतं.

## पायरी ११: टंकलेखन

तीन वेगवेगळी चिन्हं सारखीच दिसतात: कीबोर्डवरचं सरळ अवतरण, वळलेलं बंद अवतरण, आणि ʼ हे अक्षर म्हणून गणलं जाणारं चिन्ह. लेखनासाठी तिसरं घ्या. वर्डमध्ये त्याचा यूनिकोड क्रमांक शून्य-दोन-बी-सी टंकून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. गूगल डॉक्समध्ये ते विशेष चिन्हांच्या यादीतून घेता येतं. ॿ साठी वर्डमध्ये शून्य-नऊ-सात-एफ. क़ आणि ख़ लिहिताना आधी क किंवा ख आणि मग नुक्ता टंका.

सरळ अवतरण वापरलं, तर वर्ड ते आपोआप वळवतो आणि शब्दाच्या सुरुवातीला तर उलट्या दिशेने वळवतो. शिवाय काही प्रणाली शब्द तिथेच तुटला असं समजतात आणि ओळीच्या शेवटी त्याचे दोन तुकडे करतात.

इंटरनेटवर शोधताना मात्र उलट करा. बहुतेक मायन मजकूर सरळ अवतरणाने टंकलेला असतो, म्हणून शोधाच्या चौकटीत तेच वापरा. काही सापडलं नाही तर वळलेलं, मग ʼ, असं तिन्ही करून पाहा.

तपासणी: मजकूर पूर्ण झाल्यावर शोधा-बदला चौकटीत सरळ आणि वळलेली दोन्ही अवतरणं शोधा. खरी अवतरणचिन्हं सोडून जी उरतील ती सगळी चुकीची ॲपॉस्ट्रॉफी आहेत.

## पायरी १२: प्रकाशनाआधी

प्रत्येक मायन नावापुढे तीन रकाने करा: मूळ स्पेलिंग, भाषा, देवनागरी रूप. मूळ स्पेलिंगमधल्या ॲपॉस्ट्रॉफी मोजा आणि अचूक रूपातल्या ʼ आणि ॿ यांची बेरीज तिच्याशी जुळते का ते पाहा. क्ʼइचेʼला दोन आणि दोन. क़्ʼआन्ख़ोॿाल्ला मुळात दोन, इथे एक ʼ आणि एक ॿ. युकातेक नावांत ॿ वापरला असेल तर तो या बेरजेत धरू नका, तिथल्या बी ला ॲपॉस्ट्रॉफी नसतेच. बेरीज जुळत नसेल तर नाव पायरी २ वर परत पाठवा: एक तर स्पेलिंग जुनं आहे, नाहीतर नक्कल करतानाच खूण गळली आहे.

ध्वनिमुद्रण ऐकून ताडून पाहायचं असेल, तर एका बोलीच्या एका वक्त्यावर निकाल देऊ नका. क्ʼइचेʼचे गावागावांत भेद आहेत आणि स्पेलिंग सगळ्यांसाठी एक आहे. ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळत नसेल तर स्पेलिंग बदलू नका. स्पेलिंगप्रमाणे लिहा आणि त्या गावचा उच्चार वेगळा नोंदवा.